शेगावात टिप चालत नाही

'वीकएंडला शेगावला चाललेय,' असं ऑफिसात जाहीर केलं आणि पुढच्या दहा मिनिटांत माझ्याकडे चौदा कचोऱ्यांची ऑर्डर जमा झाली. तिथे काय बघणार, कुठे राहणार, असं कुणीही विचारलं नाही. कचोरी गरम आण, मिरची विसरू नकोस, बस्स!

खरं तर माझाही शेगावचा प्लॅन नव्हता. गँग गोव्याला चालली होती आणि मी त्यातच होते. पण आई गेली तीन वर्षं मागे लागली होती. 'गुडघे पार जायच्या आत एकदा नेऊन आण गं.' दर वेळी माझ्याकडे कारण तयार असायचं. कधी अप्रेजल, कधी क्वार्टर एंड, कधी सुट्टी शिल्लक नाही. यंदा डॉक्टरांनी तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली आणि माझी कारणं संपली. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी रात्री आम्ही दोघी सीएसएमटीवरून अमरावती एक्स्प्रेसमध्ये बसलो. आईला लोअर बर्थ मिळाला, हीच मला महाराजांची पहिली कृपा वाटली.

आधीच सांगून टाकते, मी फारशी देवभोळी नाही. आई दर गुरुवारी पोथी वाचते, मी दर गुरुवारी ऑफिसला उशीर झाला म्हणून चिडते. आमच्या घरात अध्यात्माची वाटणी अशी आहे.

पहाटेची 'माऊली'

शेगाव बुलढाणा जिल्ह्यात, मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर. मुंबईहून साधारण साडेपाचशे किलोमीटर. गाडी पहाटे पोचते, म्हणजे आपला मूड सगळ्यात वाईट असतो अशा वेळी. थंडी मरणाची. आईचा गुडघा रात्रभर बर्थवर आखडलेला. मी एका हातात बॅग, दुसऱ्या हातात आई आणि डोक्यात 'आता रिक्षावाल्याशी भांडायचं' असा विचार घेऊन बाहेर पडले.

बाहेर संस्थानची बस उभी होती. दारात पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस. 'सावकाश, माऊली. पायरी उंच हाये.' त्यानं आईचा हात धरला, तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि मागच्या माणसाकडे वळला. 'या, माऊली.' भाडं किती, म्हणून मी पर्स उघडली, तर तो हसला. बस फुकट होती.

शेगावात पहिल्यांदा जाणाऱ्याला हा शब्द जरा गोंधळात टाकतो. बसमध्ये माऊली, भक्तनिवासाच्या खिडकीवर माऊली, चप्पल स्टँडवर माऊली. पाच वर्षांच्या पोरालाही माऊली आणि ऐंशीच्या आजोबांनाही माऊली. वारकऱ्यांची ही जुनी रीत, पण इथे ती अक्षरशः कामाची भाषा आहे. 'माऊली, रांगेत या.' 'माऊली, मोबाइल आत ठेवा.' शिस्त लावतानाही माऊलीच! आमच्या ऑफिसात ग्राहकाला 'सर' किंवा 'मॅम' म्हणायचं ट्रेनिंग असतं आणि फोन म्यूट केल्यावर काय म्हणतात, ते इथे छापता येणार नाही. कस्टमर सर्व्हिसमध्ये तीस जणांची टीम सांभाळते म्हणून सांगतेय.

उष्ट्या भाताची गोष्ट

गजानन महाराजांची गोष्ट मी लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकलीय, पण शेगावात ती वेगळीच ऐकू येते. २३ फेब्रुवारी १८७८. गावात देविदास पातूरकर यांच्याकडे जेवणावळ होती. बाहेर उष्ट्या पत्रावळी टाकलेल्या. एक तरुण माणूस तिथे बसून त्या पत्रावळींवरची भाताची शितं वेचून खात होता. बंकटलाल अग्रवाल यांनी ते पाहिलं आणि त्यांना हा कुणीतरी वेगळा माणूस आहे असं वाटलं. महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले ते असे. ८ सप्टेंबर १९१०ला त्यांनी समाधी घेतली. त्याआधी दोन वर्षं, १९०८ साली, संस्थानची स्थापना झाली होती. दासगणू महाराजांनी एकवीस अध्यायांची पोथी लिहिली, ती घराघरांत पोचली.

आज त्या गावात संस्थानचं मंदिर आहे, भक्तनिवास आहेत, १९८३ साली सुरू झालेलं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. शिवशंकरभाऊ पाटील यांनी कित्येक दशकं या सगळ्याचा कारभार पाहिला. ४ ऑगस्ट २०२१ रोजी ते गेले. मॅनेजमेंट शिकणारे लोकही हा कारभार बघायला शेगावला येतात. त्यांना इथे काय सापडतं माहीत नाही, पण मला जे पहिल्यांदा दिसलं ते म्हणजे संडास. हसू नका! एवढी गर्दी आणि संडास कोरडा, स्वच्छ. आपल्याकडे प्रवासात बाईमाणूस पाणी कमी पितं, ते का, हे प्रत्येकीला माहीत आहे. शेगावात मी पोटभर पाणी प्यायले.

हे सगळं चालवणारे म्हणजे सेवाधारी. पगारी कर्मचारी वेगळे, हे वेगळे. आजूबाजूच्या गावांमधून हजारो लोक आळीपाळीनं ठरलेले दिवस येतात आणि मिळेल ते काम करतात. कुणी झाडतं, कुणी वाढतं, कुणी चपला सांभाळतं. मोबदला शून्य.

शंभराची नोट

दर्शनाच्या रांगेशी आलो आणि आईचा पाय उचलेना. मी इकडेतिकडे बघेपर्यंत एक सेवाधारी व्हीलचेअर घेऊन हजर. साठीचे असतील. काळेसावळे, सडपातळ, हात शेतकऱ्याचे. 'बसा, माय.' आई संकोचली. तिला व्हीलचेअर म्हणजे हार वाटत होती. ते म्हणाले, 'पायानं चाललं काय आन् चाकावर चाललं काय, पोचाचं तर तठीच हाये.' आई बसली.

पुढचा तासभर ते आमच्यासोबत होते. उतार आला की खुर्ची उलटी फिरवून मागे-मागे जात, म्हणजे आईला धक्का बसू नये. हे त्यांना कुणी शिकवलं? समाधीपाशी त्यांनी खुर्ची अशी उभी केली, की आईला मान न वळवता समोर दिसेल. आणि मग ते दोन पावलं मागे सरकून दुसरीकडे बघत उभे राहिले. आई रडत होती. ते तिला एकटीला रडू द्यावं, हेही त्यांना कळलं होतं.

बाहेर आल्यावर मी शहरातला माणूस जे करतो ते केलं. शंभराची नोट घडी घालून, तळहातात लपवून, हळूच त्यांच्या हातात सरकवायला गेले.

त्यांनी हात मागे घेतला. रागानं नाही. चटका बसल्यासारखा. 'नोका माऊली, हातात नोका देऊ. द्याचे असन तर तठी दानपेटी हाये.'

'अहो, चहापाण्याला...'

'चहा भेटते आमाले,' ते म्हणाले.

मी नोट हातात धरून उभी. जाम ओशाळल्यासारखं झालं. नंतर विचार केला, का ओशाळले मी? पैसे वाचले की! पण तसं नव्हतं. टिप दिली की हिशेब मिटतो. त्यांनी खुर्ची ढकलली, मी शंभर रुपये दिले, आता कुणी कुणाचं देणं लागत नाही. हॉटेलात आपण बिलाच्या दहा टक्के ठेवतो आणि वेटरकडे न बघता बाहेर पडतो. जेवण मागवायच्या अ‍ॅपवर तर टिपची बटणं तयारच असतात. अंगठा टेकवला की उपकार फिटले. शेगावात ते बटणच नव्हतं. मला तासभर सांभाळून घेतलेल्या माणसासमोर उभं राहून काहीतरी करायचं होतं आणि मला नोटेपलीकडे काहीही येत नव्हतं. शेवटी 'थँक्यू काका' म्हणाले. ते मलाच मेलेल्या आवाजात ऐकू आलं.

आईची पद्धत

आई मात्र एकदम मजेत होती. 'बसा हो जरा,' ती त्यांना म्हणाली. 'सकाळपासून उभे आहात. काही खाल्लंत का?'

आणि ते बसले! बाजूच्या कट्ट्यावर, पाचच मिनिटं.

आईनं आयुष्यात कुणाला 'थँक्यू' म्हटल्याचं मला आठवत नाही. 'धन्यवाद' तर नाहीच. मराठीत आभार मानायला माइक लागतो. कार्यक्रम संपताना आभारप्रदर्शन असतं आणि तेव्हा लोक खुर्च्या सरकवत उठतात. पण म्हणून आपल्या भाषेत कृतज्ञता नाही असं थोडंच आहे? ती दुसऱ्या शब्दांत आहे. 'दमलात हो.' 'पाणी घ्या.' 'तुमच्यामुळे झालं बाई.' 'मुलं काय करतात?' आई हे दूधवाल्याला म्हणते, गॅसवाल्याला म्हणते. मी लहानपणापासून याला चौकशा समजत आलेय आणि लाजत आलेय. शेगावातल्या त्या कट्ट्यावर पहिल्यांदा लक्षात आलं, की ही तिची टिप आहे आणि ती कधीच कुणी परत केलेली नाही.

पाच मिनिटांत तिनं सगळं काढून घेतलं. अकोटकडचं गाव. चार एकर कोरडवाहू. कापसाची वेचणी चालू, वेचायला माणसं मिळत नाहीत.

'मग एवढ्या कामाच्या दिवसांत आलात?' आईनं विचारलं.

'पाळी होती. पोरगा पायते वावर.' मग थोडं थांबून ते म्हणाले, 'सांगू काय माय, मी बँकेत गेलो त "ए बाबा, तिकडे थांब" म्हन्तात. तालुक्याले गेलो त "उद्या ये" म्हन्तात. अठी आठ दिस येतो, त लहान लेकरूबी मले माऊली म्हन्ते. तुमाले वाटते मी सेवा करून रायलो. आता कोन कोनाची करून रायलं, तुमीच पाहा.'

एवढं बोलून ते उठले. पुढची खुर्ची आली होती. आईनं हात जोडले, त्यांनी जोडले, संपलं.

मी मात्र तिथेच अडकले. आठ दिवस! म्हणजे वर्षातले उरलेले सगळे दिवस हा माणूस 'ए बाबा' असतो. बँकेच्या काउंटरच्या पलीकडे जी बसली असेल, ती बहुतेक माझ्यासारखीच असेल. टार्गेट असलेली, वैतागलेली, दुष्ट वगैरे अजिबात नाही. फक्त तिच्या दिवसात त्याच्याकडे बघायला वेळ नाही.

'आधी ताट संपवा'

महाप्रसादाच्या हॉलमध्ये शेकडो लोक एका वेळी जेवतात आणि तरी तो गोंगाट नाही. वाढपी भराभर येतात, वाकून वाढतात, पुढे जातात. पोळी, भाजी, वरण-भात, पिठलं. महाराजांना पिठलं-भाकरी आवडायची, असं सांगतात. मला पिठलं एवढं आवडलं की दोनदा घेतलं. मग भात घेतला आणि नेहमीप्रमाणे अर्धा तसाच ठेवून हात वर केला.

सकाळपासून मनात काहीतरी चाललंच होतं, म्हणून वाढणाऱ्या बाईंना मी विचारलं, 'ताई, मलाही एक दिवस इथे सेवा करता येईल का?'

माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. 'करा की माऊली. आधी ताट संपवा.'

आईला एवढं हसू आलं, की तिला ठसका लागला. मी मुकाट्यानं शेवटचं शीत संपवलं. ज्या गावाची गोष्टच टाकलेल्या भातापासून सुरू होते, तिथे अर्धा भात ताटात सोडून मी सेवेच्या गप्पा मारत होते! वाढणाऱ्याचे आभार मानायचे तर वाढलेलं संपवायचं, इतका साधा फंडा होता. ताटाजवळ सांडलेलं पिठलंही मी पुसून घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. पण ते पुसणारी कोण, हे आता मला माहीत होतं.

फुकटच्या सेवेचं काय?

परतीच्या गाडीत आई झोपली आणि मी माझ्याशीच वाद घालत बसले. कारण या गोष्टीत एक धोका आहे. 'बघा, शेगावात लोक एक पैसा न घेता किती आनंदानं काम करतात, नाहीतर आपल्याकडचे!' असं म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे. पगार वाढवायचा नसेल तर असली वाक्यं बॉसलोकांना फार आवडतात. मीही टीमसमोर असलं प्रेझेंटेशन दिलं असतं, शेगावच्या फोटोंसकट.

पण ते काका स्वतःच्या मर्जीनं येतात, आठच दिवस येतात आणि त्यांचं पोट त्यांच्या चार एकरांवर आहे. जमेल तसं, पण आहे. माझ्या दारात रात्री साडेअकराला बिर्याणी आणणाऱ्या पोराचं पोट त्या बिर्याणीवरच आहे. त्याला 'माऊली' म्हणून शून्य रुपये दिले, तर तो कृतज्ञता नाही, फसवणूक म्हणेल. त्याला पैसे हवेत, पूर्ण हवेत आणि वेळेवर हवेत. टिपही द्याच.

शेगावनं मला एवढंच दाखवलं, की पैसे देणं आणि आभार मानणं ही दोन वेगळी कामं आहेत. तिथे पहिलं बंद केलंय, म्हणून दुसरं किती जमत नाही ते कळतं. शहरात आपण पहिलं करतो आणि दुसरं झालं असं समजतो. आणि ज्याला रोज राबूनही कुणी ओळखत नाही, त्याच्याकडून आपण 'सर्व्हिस विथ स्माइल'ची अपेक्षा ठेवतो. माझ्या टीममधल्या मुलांचे कॉल मी मार्कं देत ऐकते. आवाजात हसू आहे का, यासाठी पाच गुण. त्यांना दिवसभरात कुणी 'दमलात हो' म्हणालं का, याचा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नाही.

पंधरावी कचोरी

कचोऱ्या चौदा सांगितल्या होत्या, मी पंधरा घेतल्या. सोमवारी ऑफिसात पुडा उघडला आणि नेहमीसारखी झुंबड उडाली. आमच्या मजल्यावर हाउसकीपिंगच्या एक मावशी आहेत. वाढदिवस असो, प्रमोशन असो, पार्टी संपली की कागद आणि चुरा गोळा करायला त्या येतात. चार वर्षं मी त्यांना 'मावशी' म्हणतेय. नाव माहीत नाही.

या वेळी चुरा पडायच्या आधीच मी पँट्रीत गेले. कचोरी पुढे केली आणि आईची आठवण ठेवून म्हटलं, 'मावशी, बसा जरा. गाव कुठलं तुमचं?'

त्या एकदम सावध झाल्या. हातातलं फडकं खाली ठेवलं. 'काय काम होतं का, मॅडम?'

चार वर्षांत मी त्यांच्याशी काय काय बोलले असेन, ते त्या एका प्रश्नात आलं. कॉफी सांडलीय, बिन भरलाय, एसीखाली पाणी आहे. काम असल्याशिवाय मी त्यांच्याकडे कधी गेलेच नव्हते.

'काम नाही,' मी म्हटलं. 'शेगावला गेले होते.'

'आईला घेऊन गेला होतात ना? ऐकलं मी.' त्या स्टुलाच्या कडेवर टेकल्या. अर्धी कचोरी खाल्ली, अर्धी कागदात गुंडाळली, नातवासाठी. मग गाव सांगितलं, नाव सांगितलं. आणि जाता जाता विचारलं, 'आईच्या गुडघ्याचं कधी आहे ऑपरेशन?'

त्यांना सगळं माहीत होतं.

कसं जाल?

रेल्वे : मुंबईहून अमरावती एक्स्प्रेस आणि विदर्भ एक्स्प्रेस रात्री निघून पहाटे शेगावला पोचतात. पुण्याहून कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस सोयीची. मंदिर स्टेशनपासून जवळच आहे.

राहणं : संस्थानचे भक्तनिवास स्वच्छ आणि परवडणारे.

कधी टाळाल : गुरुवार, सुट्ट्या, माघातला प्रगट दिन आणि ऋषिपंचमीची पुण्यतिथी या दिवसांत प्रचंड गर्दी असते. सोबत वयस्कर माणूस असेल तर मधलाच एखादा वार बघा.

खाणं : महाप्रसाद चुकवू नका, पण खाल तेवढंच घ्या. कचोरी गाडीत बसण्यापूर्वी, गरम. ऑर्डरपेक्षा एक जास्त घ्या.